ओहिमची नळी, एंतिनचे कुकांग

कांग ओहिम आणि चेऊ एंतिन यांचं काहीतरी जमलंय, अशी कुजबूज आमच्या वस्तीत सुरू झाली ती टोमॅटोच्या काढणीच्या सुमारास. आमच्याकडे मोठ्या माणसाला कांग म्हणजे दादा आणि मोठ्या बाईला चेऊ म्हणजे ताई म्हणतात. मगरीबचा नमाज आटोपून माणसं घराकडे वळली की ही दोघं डोंगराकडे निघायची. तो वरच्या वाटेनं, ती खालच्या वाटेनं. तो विधुर, ती विधवा, आणि दोघांच्या शेतांना एकच बांध. लोकांना आणखी काय हवं?

फणसाखाली आमच्या माणसं वाहणाऱ्या मोटरसायकली उभ्या असतात. भाडं नसलं की तिथे गप्पांना ऊत येतो.

"दुदुंग, वरातीला तुझीच गाडी सांगतील बघ," एकजण मला म्हणायचा.

"वरात कसली, दोघं वेगवेगळ्या वाटेनं येतील आणि काझीच्या दारात एकमेकांना ओळख दाखवणार नाहीत," दुसरा म्हणायचा.

मी हसत होतो, पण मला खरी गोष्ट ठाऊक होती. गाडीवर मागे बसलेलं माणूस मन मोकळं करतं. समोरच्याचं तोंड दिसत नाही ना, म्हणून. त्या दोघांनीही आपापली गोष्ट मला सांगितली होती, वेगवेगळ्या दिवशी आणि दुसऱ्याला कळू न देण्याच्या अटीवर.

ओहिम माझ्यापेक्षा पाचसात वर्षांनी मोठा. माणूस कष्टाळू, पण संशयी इतका की दुकानदारानं सुटे पैसे जास्त परत दिले तरी त्यात काय डाव आहे ते शोधत बसेल. त्याचं पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून यायचं. काळी प्लॅस्टिकची नळी, बांबूच्या खांबांवरून डोक्याच्या वर टांगलेली, एंतिनच्या शेतावरून त्याच्या टाकीपर्यंत. सांधे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेले.

"टाकी सकाळी भरलेली नसते," तो मला म्हणाला. "झरा तोच, नळी तीच. मग पाणी जातं कुठे?"

"गळत असेल, कांग."

"गळत असतं तर खाली चिखल दिसला असता. तिच्या बांबूच्या बेटापाशी जो सांधा आहे ना, त्याची पट्टी मी एका तऱ्हेनं बांधतो. दोनदा ती वेगळी बांधलेली सापडली. एंतिनची मिरचीची रोपं बघ जरा. या उन्हात अशी टवटवीत? तिला विचारलं तर म्हणेल, अल्लाची कृपा. अल्ला काय फक्त तिच्याच वाफ्यात पाणी घालतो?"

म्हणून तो संध्याकाळी जाऊन सांध्याजवळ लपून बसायचा.

एंतिनचं दुखणं वेगळं होतं. तिच्या बांबूच्या बेटात कुकांगचं एक कुटुंब राहायचं. मांजराच्या पिलाएवढं, मोठाल्या डोळ्यांचं हे लाजाळू वानर. दिवसभर बांबूत गोळा होऊन झोपतं आणि अंधार पडू लागला की एकेक हात पुढे टाकत, घाई म्हणून नसल्यासारखं निघतं. तिच्या नवऱ्यानं हयातीत त्या बेटाला कोयता लावू दिला नव्हता. आमचे जुने लोक सांगायचे की कुकांगचं रक्त जिथे सांडतं तिथली जमीन खचते. पण जुने लोक गेले आणि पक्ष्यांच्या बाजारात कुकांगला गिऱ्हाईक आलं. वनखात्याचा कायदा आहे, शहरातून एक संस्थाही येते, कुकांग मोजते, फलक लावते. तरी जंगलात ते आता शोधावे लागतात.

तर एके दिवशी एंतिन लसूण विकायला तालुक्याला गेली होती. परत येताना माझ्या गाडीवर बसली. मग म्हणाली, "दुदुंग, पक्षीवाल्यांच्या गल्लीत मी आज कुकांग बघितला. पोपटाच्या पिंजऱ्यात. दात तोडलेले होते त्याचे. नखं कापायच्या यंत्रानं तोडतात म्हणे, चावू नये म्हणून. तोंड सुजलेलं, आणि सगळे लोक म्हणतायत, किती गोड दिसतो."

"कुठून आणला म्हणे?"

"तो कशाला सांगेल? पण माझ्या बेटातली मादी, तिच्या बरोबरचा नर, पंधरवडा झाला मला दिसत नाहीत. आणि ओहिमचा भाचा बांडुंग शहरातून येऊन किती दिवस झाले?"

"महिना होत आला."

"त्यानं तुझ्या गाडीवरून काही नेलं का?"

मी सांगून टाकलं. ओहिमच्या भाच्याला, यायानला, मी एकदा बस थांब्यापर्यंत सोडलं होतं. मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं होतं, त्याला भोकं पाडलेली. झुंजीच्या कोंबड्याची पिल्लं आहेत म्हणाला होता.

"पिल्लांचा आवाज आला?"

मी आठवून बघितलं. आवाज आला नव्हता.

"भाच्याला एवढी अक्कल नाही," एंतिन म्हणाली. "कुकांग कुठे झोपतो, कोणत्या वाटेनं जातो हे बाहेरच्याला काय कळणार? ते त्याला ओहिमनं दाखवलं. रोज संध्याकाळी माझ्या बेटाशी दबा धरून बसतो तो. मी बघितलंय. उगाच बसतो का माणूस डास चावून घेत?"

म्हणून तीही संध्याकाळी जायची आणि लाबू भोपळ्याच्या मांडवाआड बसून त्याच्यावर नजर ठेवायची. तो पाण्याच्या चोराची वाट बघत होता, ती कुकांगच्या चोराची. मधे वीस-पंचवीस हात अंतर. आणि वस्ती म्हणत होती, जमलंय.

त्या दिवशी ओहिमनं खताचं पोतं वर पोचवायला मला सांगितलं होतं. पोतं त्याच्या खोपीत टाकून मी घाम पुसत होतो. उजेड जात आला होता, अजून हातापायांचे आकार दिसत होते. एकदम बेटाच्या बाजूनं आरोळी ऐकू आली. माणसाचीच, पण ओळखू येईना.

धावत गेलो तर एंतिन आधीच तिथे पोचली होती. हातात बॅटरी. बॅटरीच्या उजेडात ओहिम जमिनीवर बसलेला, उजवा हात पुढे धरून, आणि त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवून एक कुकांग लोंबकळत होता.

"बघितलंस, दुदुंग?" एंतिन थंडपणे म्हणाली. "तू साक्षीदार आहेस. हातात आहे त्याच्या."

ओहिमनं तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं तो शिव्या देणार. पण तो हलला नाही, कुकांगला झटकलं नाही, ओढलं नाही. ओठ दातांखाली दाबून त्यानं हात तसाच खांबाजवळ नेला. थोड्या वेळानं त्या प्राण्यानं पकड सोडली, खांब धरला आणि आपल्या नेहमीच्या चालीनं वर चढून नळीवर गेला. जाताना एकदा थांबून त्यानं आमच्याकडे बघितलं. डोळे निखाऱ्यासारखे चमकले.

"बोला आता," एंतिन म्हणाली. "पिशवी कुठे आहे? भाचा कुठे लपलाय?"

ओहिमनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्याचे ओठ सुजू लागले होते. बघता बघता डोळ्यांच्या फटी झाल्या, मानेवर गांधी उठल्या. श्वास घेताना भात्यासारखा आवाज येऊ लागला. कुकांगच्या चाव्यात विष असतं. कोपरापाशी त्याचा एक घामासारखा स्राव येतो, तो चाटून मग चावतो. कुणाचा नुसता हात सुजतो. कुणाला सोसत नाही.

"चेऊ, हा मरेल," मी म्हणालो.

मग बॅटरी कमरेला खोचून तिनं त्याच्या काखेत हात घातला.

माझ्या गाडीवर पुढे मी, मधे ओहिम, त्याला धरून मागे एंतिन, असे आम्ही डोंगर उतरलो. तो घसरू नये म्हणून तिनं आपल्या ओढणीनं त्याला माझ्या कमरेशी बांधलं होतं. वस्तीतून जाताना लोक ओट्यांवर उभे राहून बघत होते. मला त्यांच्या मनातलं ऐकू येत होतं.

वाटेत एंतिनचा तपास चालूच.

"नर कुणाला विकला? मान हलवा नुसती. तालुक्यालाच ना?"

ओहिम घुसमटत होता.

"चेऊ, त्याला श्वास घेऊ दे."

"घेऊ दे की. मी काय त्याचं नाक धरलंय? झोपू देऊ नको म्हणतात अशा वेळी, म्हणून बोलतेय. कांग ओहिम, ऐकताय ना? मरू नका. आधी सांगा आणि मग काय करायचं ते करा."

सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं त्याला बघितल्याबरोबर मांडीत सुई टोचली, नाकाला नळी लावली. काय चावलं विचारल्यावर एंतिननंच सांगितलं. कुठे चावलं, कसं चावलं, कोण कुणाला धरत होतं, सगळं. आम्ही परतायच्या आत ही बातमी फोनवरून वस्तीत पोचली होती.

सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा सूज उतरत आली होती. एंतिन बाकावर बसली होती. रात्री घरी गेली नव्हती. मला वाटलं काळजीनं, पण ती म्हणाली, "शुद्धीवर आल्यावर आधी काय बोलतो ते मला ऐकायचं होतं."

ओहिमची जीभ अजून जड होती. "पाणी," तो म्हणाला.

मी पेला पुढे केला. त्यानं मान हलवली.

"प्यायचं नाही. माझं पाणी. सांध्याशी हात आला. मला वाटलं, हिचा हात. अंधारात धरला. केस लागले तेव्हा कळलं."

"चांगली गोष्ट रचलीत," एंतिन म्हणाली.

"रचायची असती तर बरी रचली असती. तू माझा सांधा सोडतेस, एंतिन. मला माहीत आहे. तुला पकडायला बसलो होतो."

एंतिनचा चेहरा लाल झाला. दवाखान्याच्या खिडकीकडे बघत ती म्हणाली, "रोज नाही सोडत."

ओहिम उशीवरून उठूनच बसला.

"माझा पाट आटलाय," ती म्हणाली. "दोन वाफे रोपं जळत होती. तुम्ही घरी गेलात की एक-दोन बादल्या घेऊन मी परत बांधून ठेवते. विचारलं असतं तर दिलं असतंत का?"

"नसतं दिलं."

"मग."

"म्हणजे चोर तू, आणि बोंब माझ्या नावानं."

"पाणी चोरणं वेगळं, कुकांग चोरणं वेगळं. पाणी मिरचीला जातं, मिरची तुम्हीही खाता."

"मी कुकांग चोरला नाही. चावला तेव्हा ओढला असता तर त्याचा जबडा फाटला असता. रक्त सांडू नये म्हणून हात तसाच धरला. तू बघितलंस."

तिनं ते बघितलं होतं. पण मान्य करणं तिच्या जिवावर आलं. "यायान कुठे आहे?" तिनं विचारलं.

यायान नव्हता. मी पहाटे ओहिमच्या घरावरून आलो होतो, दार ओढून घेतलेलं, त्याची गाठोडी गायब आणि फोन बंद. हे मी सांगितलं तेव्हा ओहिमचा चेहरा पडला, पण तो म्हणाला, "घाबरून गेला असेल. लोक माझ्यावर आळ घेतायत म्हटल्यावर पोरगं घाबरणारच. माझ्या बहिणीचं रक्त आहे ते."

जगावर संशय घेणारा माणूस, पण घरच्याच्या बाबतीत झापड लावलेली.

घरी आल्यावर तीन-चार दिवस त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. दुकानदारानं सामान दिलं पण डोळे वर केले नाहीत. वस्तीतल्या बायका पोरांना सांगत, तिकडे जाऊ नका. त्याच्या टोमॅटोला व्यापारी आला नाही. फणसाखाली तर आता कुणी वरातीचं नाव काढत नव्हतं. "हा एवढा संशय घेतो तेव्हाच समजायचं होतं," आता ते म्हणत. "चोराच्या मनात चांदणं."

तेव्हा ओहिमनं रागानं ती नळी उतरवली. खांब उपटले, नळी जमिनीवर अंथरली आणि वर माती ओढली. "आता बघू कोण सांधा सोडतो," तो म्हणाला. एंतिन बांधावरून बघत होती, तिच्याकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही.

दोनेक दिवसांनी, दिवेलागणीला, एंतिननं मला बांधावर बोलावलं. "गप्प उभा राहा," ती म्हणाली, "आणि त्या शेवटच्या बांबूकडे बघ."

बेटातून एक कुकांग येत होता. मादी होती ती, पोटाला पिल्लू चिकटलेलं. म्हणजे एंतिनला जी नाहीशी झाली असं वाटत होतं तीच. ती बांबूच्या टोकाला आली, मागच्या पायांनी घट्ट धरलं आणि एक हात पुढे लांब केला. जिथे नळी असायची तिथे. हात हवेत फिरला, काही लागलं नाही. तिनं हात मागे घेतला, थोडी सरकली, परत लांब केला. असं कितीतरी वेळ चाललं होतं. शेवटी ती आली तशी आत गेली.

"पलीकडे ओहिमच्या शेतात शिरीष आहेत," एंतिन हळू आवाजात म्हणाली. "त्यांचा डिंक खायला जात होती ती. मधली माझी झाडं गेल्या साली मीच तोडली, लसणाला ऊन हवं म्हणून. जायला दुसरी वाटच नाही. त्या नळीवरून जायची रे. ओहिमच्या बाजूलाच जास्त राहायची, म्हणून मला इथे दिसत नव्हती."

"मग ओहिमला सांग."

"मी सांगितलं तर तो म्हणेल, पाण्यासाठी सांगतेय."

ते खरंच होतं. तो तसंच म्हणाला असता.

तिला सांगावं लागलं नाही. पुढच्याच संध्याकाळी ओहिमचा कुत्रा बांधाजवळ भुंकू लागला. ओहिम काठी घेऊन गेला. पुढचं त्यानंच मला नंतर सांगितलं, सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. मादी जमिनीवर उतरली होती. जमिनीवर कुकांगला पळता येत नाही. ती मातीत, गाडलेल्या नळीच्या वरच, दोन्ही हात डोक्यावर धरून बसली होती. पिल्लू पोटाखाली. कुत्रा चारी बाजूंनी उड्या मारत होता. ओहिमनं कुत्र्याच्या मानगुटीला धरलं आणि छातीशी आवळून तसाच उभा राहिला. मादीला हात लावायची आता त्याची छाती नव्हती. ती हलेना, कुत्रा शांत होईना. बऱ्याच वेळानं तिनं एक हात खाली घेतला, मग दुसरा, आणि शिरीषाकडे सरकत गेली.

कुत्र्याला बांधायला तो कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेला. तिथे तो सहसा जात नसे. कोंबड्यांचं यायानच बघायचा. तिथे फाटक्या पोत्याखाली एक टोपली सापडली. तळाशी राखी केस, आणि तो वास. कुकांगच्या मुताचा वास एकदा ओळखला की विसरत नाही. टोपलीत एक नखं कापायचं यंत्रही होतं.

ओहिम त्याच पावली एंतिनच्या दारात गेला. मी तिच्याकडे जळणाच्या लाकडाचा भारा टाकायला आलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यानं टोपली तिच्या ओट्यावर ठेवली.

"हे माझ्या घरात निघालं," तो म्हणाला.

एंतिननं टोपली बघितली, वास घेतला. ती काहीतरी झोंबणारं बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. ती म्हणाली, "आत या. भात झालाय."

"जेवायला नाही आलो. दुदुंग, तुझ्याकडे वनखात्याच्या माणसाचा नंबर आहे ना, त्या संस्थेनं दिलेला? लाव."

"कांग, भाचा आहे तुझा," मी म्हणालो. "विचार कर."

"तू लाव. बोलतो मी."

त्यानं यायानचं पूर्ण नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, बांडुंगमधला पत्ता सांगितला. बोलताना त्याचा आवाज एकसारखा होता. फोन ठेवल्यावर मात्र तो ओट्यावर बसला आणि चावलेला अंगठा दुसऱ्या हातानं दाबत राहिला. "आता बहिणीला काय तोंड दाखवू?" म्हणाला.

वनखात्यानं पक्षीवाल्यांच्या गल्लीत धाड घातली. तिथे चार कुकांग मिळाले. त्यातला एक आमच्या बेटातला नर, हे एंतिन शपथेवर सांगते. दात नसलेला कुकांग रानात जगत नाही, त्याला डिंक खरवडता येत नाही. म्हणून त्याला संस्थेच्या आवारात ठेवलंय, शिजवलेली रताळी आणि मऊ केलेला डिंक खाऊन आहे. एंतिन एकदा बघायला जाऊन आली. यायानवर खटला झाला, तो काही महिने आत राहिला. ओहिमच्या बहिणीनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

नळी परत वर गेली. ती टांगताना एंतिन मदतीला आली होती. सांध्यापाशी तिनं एक छोटी तोटी बसवून घेतली, उघडपणे, आपल्या वाफ्यासाठी. ओहिमनं हो म्हटलं, पण तोटी तिनं किती वेळ उघडी ठेवायची यावरून त्यांचं अजून भांडण होतं. तो म्हणतो ती जास्त घेते. ती म्हणते तो टाकीजवळ लपून बघतो. दोघांचंही खरं आहे. तोडलेल्या झाडांच्या जागी तिनं कालियांद्राची रोपं लावलीत. लाल फुलं आली की कुकांग मध चाटायला येतात म्हणे. रोपं अजून गुडघ्याएवढी आहेत.

यंदा रोज्यांच्या ईदला यायान आला. मीच त्याला बस थांब्यावरून आणला. वाळला होता. मिठाईचा डबा घेऊन मामाच्या दारात उभा राहिला आणि पाया पडून माफी मागू लागला. आमच्यात ईदला आलेल्याला परत पाठवत नाहीत. ओहिमनं त्याला उठवलं, आत घेतलं, समोर बसून जेवू घातलं. मटणाचा मोठा तुकडा स्वतःच्या हातानं त्याच्या पानात वाढला. गावची माणसं येऊन गेली, कुणी जुनं काढलं नाही.

दिवस मावळताना यायान म्हणाला, "मामा, मी जरा पाय मोकळे करून येतो."

"ये की," ओहिम म्हणाला.

पोरगा अंगणाबाहेर पडला. ओहिमनं चहाचा कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि थोडं अंतर राखून त्याच्या मागोमाग निघाला.